खलाशाला दोन रात्री चौकीत बसवून ठेवलं, दिल्लीच्या मानवाधिकार आयोगाला लिहू का?

होडीवाला: आमची होडी हर्णैला लागते. गेल्या शिमग्यात बंदरावर बाचाबाची झाली. पोलिसांनी आमच्या खलाशाला उचलला, दोन रात्री बसवून ठेवला, कोर्टासमोर नेलाच नाही. पाठीवर वळ. पोरगा घाबरून गावी पळाला, तो आता नारळी पौर्णिमेला आला. आयोगात पण साहेबच बसलेत ना?

निवृत्त_बेलीफ: साहेबच, पण बरेचसे कोर्टातले. अध्यक्ष आधी फक्त माजी सरन्यायाधीशच व्हायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाचे इतर माजी न्यायाधीशही चालतात. मानवाधिकारांचा अनुभव असलेले तीन सदस्य, त्यात एक तरी बाई हवीच. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायलाच हवं, प्रवासाचा वेळ वगळून. तेच ठासून लिहा. घटनेला वर्ष उलटलं की आयोग हात लावत नाही, म्हणून पुढच्या शिमग्याची वाट बघू नका!

रत्नांग्रीकर: आयोग फक्त शिफारस करतो हो. शिक्षा देत नाही.

निवृत्त_बेलीफ: खरंय. पण दिवाणी कोर्टासारखं साक्षीदार बोलावतो, कागद मागवतो. चौकीची डायरी मागवली की भल्याभल्यांना घाम फुटतो. भरपाईचीही शिफारस होते. मुंबईत राज्य आयोग आहे. दोन्हीकडे एकदम अर्ज नको, राज्याकडे चालू असलेलं प्रकरण दिल्ली घेत नाही.

होडीवाला: अर्ज मराठीत चालेल? पोराला सहीपुरतंच येतं.

निवृत्त_बेलीफ: चालेल, फी नाही. त्याच्या वतीने तुम्हीही करू शकता. वळांचे फोटो आहेत का?