परवान्याचं रिव्हॉल्वर घरात आहे आणि धारक नैराश्यात

प्रश्न (कासारवडवली): निवृत्त गृहस्थ, परवान्याचं .३२ रिव्हॉल्वर. पत्नी गेल्यापासून "आता कशाला जगायचं" म्हणतात. मुलाने कपाटाची चावी स्वतःकडे ठेवली आहे. एवढं पुरेल?

उत्तर १: नाही हो. घरातल्या लपवायच्या जागा त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतात. शस्त्र घराबाहेरच हवं. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा थोडा वेळच टिकते. बंदूक मात्र सावरायला दुसरी संधी क्वचितच देते. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये आठवड्याच्या सुट्टीवर घरी जाताना रायफल नेणं थांबवलं, तर सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. सैनिक तेच, फक्त त्या दोन दिवसांत हाताशी बंदूक नव्हती.

उत्तर २: मुलाने रिव्हॉल्वर पिशवीत घालून पोलीस ठाण्यावर नेऊ नये. परवाना वडिलांचा, त्यामुळे मुलगाच अडचणीत येईल. वडील तयार असतील तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, पण सोबत कुणीतरी हवंच. ते तयार नसतील तर पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना लेखी कळवा. मानसिक स्थितीवरून परवाना निलंबित करण्याचा अधिकार शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ मध्ये आहे.

उत्तर ३: गोळ्याही मोजून जमा करा, बहुतेक जण त्याच विसरतात. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तपासून घ्या. आणि आज रात्रीच १४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा.