मदत हवी आहे: कायम सरकारी नोकरी सोडून आंतरराष्ट्रीय संस्थेत सर्व्हेलन्सचं काम घ्यावं का?

रानवाटा

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर बरेच आहेत, बाहेरच्या देशांत काम केलेलेही आहेत, म्हणून विचारतेय.

मी सातपुड्यातल्या एका तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी आहे. एमबीबीएस, नंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी). नोकरी कायम आहे, पण २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाहीच. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी चौथीत, सासूबाई आमच्याकडे असतात.

एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेत सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर (रोगांवर पाळत ठेवणारी डॉक्टर) म्हणून माझी निवड झाली आहे. जिल्हा बिहारमधला, कोसीच्या पट्ट्यातला. करार वर्षाचा, पुढची वाढ काम आणि निधी बघून. पगार आत्तापेक्षा बराच जास्त आहे. मुलाखतीत लुळेपणाच्या केसेस, गोवराचा उद्रेक, शीतसाखळी (लसी थंड ठेवण्याची व्यवस्था) हेच विचारलं. ते आमचं रोजचंच, त्यामुळे निभावलं.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो जा, मुलीचं मी बघतो. वडील म्हणतात, कायम नोकरीला लाथ मारणारी तू आपल्या घरातली पहिलीच. मला कळत नाहीये ते असं: रोजचं काम खरोखर काय असतं? पोलिओ जाऊन इतकी वर्षं झाली, मग ही पदं किती दिवस टिकणार? या कामातून पुढे परदेशातल्या नेमणुका मिळतात का, की ती नुसती ऐकीव गोष्ट? आणि इथली नोकरी राखून जाता येतं का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. 'मनाचं ऐका' सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

चहाबाज

अभिनंदन! वाचतोय. माझ्याही बहिणीला उपयोग होईल.

फक्त एक खात्री करून घ्या, निवडीचा मेल खरा आहे ना? अशा संस्थांच्या नावाने 'प्रोसेसिंग फी' मागणारे मेल सर्रास फिरतात. खरी संस्था भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही मागत नाही.

रानवाटा

खरा आहे. दिल्लीला बोलावून मुलाखत झाली, आणि पैसे अजून तरी कोणी मागितलेले नाहीत :)

जुनाभिडू

रानवाटा ताई, मी हेच काम आधी पश्चिम उत्तर प्रदेशात आणि मग बिहारमध्ये केलं आहे, पोलिओच्या शेवटच्या वर्षांत. म्हणून जरा लांबण लावतो.

जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि भारत सरकार यांनी मिळून १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला, त्यातून सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर हे पद आलं. देशातला रानटी (लसीतून न आलेल्या) विषाणूचा शेवटचा रुग्ण हावड्याचा, १३ जानेवारी २०११. २७ मार्च २०१४ ला संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, ज्यात आपण येतो, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तरी काम थांबलं नाही, कारण शेजारी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. शिवाय त्याच यंत्रणेवर गोवर-रुबेला, घटसर्प, डांग्या खोकला आणि नियमित लसीकरणाचं बरंच ओझं आलं.

आता रोजचं काम. तुम्ही आज पीएचसीत बसून लुळेपणाची केस कळवता, तिथे ती तुम्ही शोधायची. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की ती केस, मग बालरोगतज्ज्ञ काहीही निदान करोत. जिल्ह्यातली मोठी रुग्णालयं, खाजगी डॉक्टर, औषधाच्या टपरीवर इंजेक्शन देणारे झोलाछाप, झाडफूक करणारे ओझा, सगळ्यांशी संबंध ठेवायचे. मूल आधी त्यांच्याकडे जातं, मग सरकारी दवाखान्यात. मी एका ओझाच्या अंगणात जितका चहा प्यायलो तितका सिव्हिल सर्जनच्या केबिनमध्ये नाही प्यायलो.

फोन आला की निघायचं. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने हवेत, दोन्हींत किमान चोवीस तासांचं अंतर, प्रत्येकी साधारण आठ ग्रॅम, आणि बर्फाच्या पॅकसकट प्रयोगशाळेपर्यंत थंडच पोचले पाहिजेत. कागदावर सोपं. प्रत्यक्षात आईला तारीख आठवत नाही. 'छठच्या दुसऱ्या दिवशी ताप, मग बाजाराच्या दिवशी पाय गेला' असं ती सांगते, आणि तुम्ही पंचांग काढून हिशेब करता. मुलाला बद्धकोष्ठ झालेलं असतं, आजी म्हणते 'आणखी किती थांबणार बाबू', गाडी बांधावर उभी, कॅरियरमधला बर्फ वितळतोय. साठाव्या दिवशी परत जाऊन पायात ताकद आली का ते बघायचं. तोवर घर वीटभट्टीवर पंजाबात गेलेलं असलं तर तिथल्या सहकाऱ्याला फोन लावायचा.

पोलिओच्या डोसांच्या मोहिमेच्या काळात सकाळी टीमच्या मागे घरं तपासायची. दारावर खडूने 'पी' (म्हणजे घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाले) लिहिलंय, पण आत मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण नाही, असं घर सापडलं की संध्याकाळच्या बैठकीत ते मांडायचं.

आणि खरी गोम तिथेच आहे. आज तुम्ही केंद्राच्या प्रमुख आहात. सेविका सत्राला आली नाही तर तुम्ही खुलासा मागवता. तिथे तुम्हाला कोणालाच खुलासा मागता येत नाही. ना एएनएमला (आरोग्यसेविकेला), ना ड्रायव्हरला, ना प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याला. तुमच्या हातात फक्त आकडे आणि तोंड. कलेक्टर (तिकडे डीएम) बैठकीत सगळ्यांदेखत तुम्हाला विचारतात, 'डब्ल्यूएचओ काय म्हणतंय?' तुम्ही खरं सांगितलं तर प्रभारी अधिकारी महिनाभर फोन उचलत नाही. दडवलं तर पुढच्या महिन्यात गोवराची मुलं दिसतात. मी मग एक रीत धरली: जे बैठकीत मांडणार ते त्या माणसाला दुपारीच त्याच्या खोलीत जाऊन सांगायचं. अर्ध्या वेळा तो संध्याकाळपर्यंत घरं पूर्ण करून टाकायचा आणि माझ्याकडे मांडायला काही उरायचंच नाही.

पगार, करार, बढती हे नंतर. हुकुमाशिवाय काम करून घेणं तुम्हाला रुचेल का, हे आधी स्वतःला विचारा. आमच्या तुकडीतले दोन-तीन हुशार डॉक्टर याच कारणाने परत गेले. साप, पूर, रस्ते यांना कोणीही कंटाळला नव्हता.

सडेतोड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सातपुड्यात डॉक्टर टिकत नाही म्हणून आम्ही बोंबलतो, आणि जी टिकली ती पगारासाठी बिहारला निघाली. सरकारी जागेवर शिकलात ना?

रानवाटा

सडेतोड, शिकले सरकारी कॉलेजात, बॉण्डची सेवाही इथेच केली आणि त्यानंतरही इथेच राहिले. होळीनंतर अर्धा तालुका गुजरातेत कामाला जातो, त्यांच्या मुलांच्या लसींसाठी सीमेपलीकडच्या दवाखान्यांना पत्रं लिहिणारी मीच आहे. ती पत्रं कोणी उघडत नाही. ज्यांचा फोन दोन्ही राज्यांत उचलला जातो ती माणसं मी बघितली आहेत, आणि ती याच संस्थांची होती. पगाराचाही विचार आहेच, नाकारत नाही.

जुनाभिडू, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, 'हुकूम नाही चालणार म्हणजे घरची प्रॅक्टिस कामी येईल.'

टिपणीबहाद्दर

मंत्रालयात नाही, पण आस्थापना शाखेत आयुष्य गेलं आहे. मॅडम, 'नोकरी राखून जाणे' याला तीन वाटा आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिली, स्वीयेतर सेवा. महाराष्ट्र नागरी सेवेचे १९८१ चे नियम आहेत त्यात. शासनाच्या मंजुरीने बाहेरच्या संस्थेत जायचं, मूळ पदावरचा हक्क राहतो, ठरलेली अंशदानं भरायची. ही सर्वांत स्वच्छ वाट, पण प्रस्ताव डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), उपसंचालक, आयुक्तालय, विभाग असा फिरतो. फाईल स्वतः चालत नाही, तिच्या मागे माणूस लागतो.

दुसरी, असाधारण रजा. इथे बरेच जण फसतात. रजेवर असताना पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. रजेचं कारण 'कौटुंबिक' लिहून बिहारमध्ये रुजू झालात आणि कोणी तक्रार केली, तर विभागीय चौकशी लागेल.

तिसरी, राजीनामा. तो देणार असाल तर पूर्ण हिशेब करून द्या.

मूळ अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत केला होता का? ना हरकत घेतली होती का? हे आधी सांगा, सगळं त्यावर आहे.

रानवाटा

अर्ज कार्यालयामार्फतच होता. ना हरकतीची प्रत माझ्याकडे आहे, आवक-जावक क्रमांकासह.

टिपणीबहाद्दर

शाब्बास. मग स्वीयेतर सेवेचा प्रस्ताव आजच टाका. सोबत नेमणूकपत्र, कराराचा नमुना आणि तुमच्या जागी कोण काम बघेल याची डीएचओंची शिफारस. ती शिफारस नसली की फाईल परत येते.

खारावारा

परदेशाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मी भारतातल्या सर्व्हेलन्समधूनच बाहेर पडलो आणि रोहिंग्यांच्या छावण्यांत, बांगलादेशातल्या कॉक्स बझारला, काम केलं.

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत तिथे सुमारे सात लाख माणसं आली. त्याच वर्षाच्या शेवटी घटसर्प सुरू झाला. युरोपातून आलेल्या चांगल्या चांगल्या डॉक्टरांनी घशातला तो करडा पडदा फक्त पुस्तकात पाहिलेला, आणि आपल्याकडच्यांनी वॉर्डात. अँटिटॉक्सिन (घटसर्पाचं विष निकामी करणारं औषध) जगातच कमी, म्हणून कोणाला द्यायचं याचे निकष लावावे लागत. बाकी वेळ जायचा तो रुग्णांची यादी नीट ठेवण्यात, संपर्कातल्यांना प्रतिजैविक पोचवण्यात आणि एकाच माणसाची चार स्पेलिंगं एक करण्यात. तेव्हा, ताई, तुमचं आत्ताचं काम कमी लेखू नका. बाहेर तेच विकलं जातं.

पण शिडी सरळ नाही. जिल्ह्यातली पदं बहुधा सेवाकरारावर असतात. तो माणूस संस्थेचा कर्मचारी मानला जात नाही, संयुक्त राष्ट्रांची पेन्शन नाही, आणि आयकर आपला आपण भरायचा. 'यूएनचा पगार करमुक्त' हे ऐकून खूश होऊ नका, ते कर्मचाऱ्यांसाठी आहे. सीएला करार दाखवा. त्याच्या वर राष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या श्रेणी, त्या फक्त त्या देशाच्या नागरिकांसाठी. आंतरराष्ट्रीय म्हणजे 'पी' श्रेणी वेगळी: पी-३ ला साधारण पाच वर्षांचा अनुभव मागतात, पी-४ ला सात, आणि त्यात देशाबाहेरचा अनुभव बघतात. तो पहिला बाहेरचा अनुभव मिळवणं हीच अडचण. आमच्या पिढीला पोलिओने ती दारं उघडली, भारतातून लोक नायजेरिया, इथिओपिया, दक्षिण सुदानला गेले. आता आणीबाणीतल्या तात्पुरत्या नेमणुका हाच मुख्य रस्ता. त्यातली बरीच ठिकाणं नॉन-फॅमिली असतात. जुबा (दक्षिण सुदान) किंवा काबूलला मुलगी सोबत नेता येत नाही.

आणि सध्याचा काळ वाईट आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. मे महिन्यात सदस्य देशांनी २०२६-२७ चा अर्थसंकल्प मंजूर केला तो ४.२ अब्ज डॉलरचा, आधीचा प्रस्ताव ५.३ अब्जांचा होता. मुख्यालयात, जिनिव्हातच, माणसं कमी झाली, तिथले अनुभवी लोक आता खालच्या पदांना अर्ज करतात. दोन-तीन वर्षांत जिनिव्हा, असा हिशेब मांडून जाणार असाल तर जाऊ नका.

जायचंच ठरलं तर फ्रेंच सुरू करा. पश्चिम आफ्रिकेतल्या जागांना हिंदी-इंग्रजीवाले रांगेत उभे असतात आणि फ्रेंच येणारा डॉक्टर मिळत नाही.

जुनाभिडू

खारावारा यांना दुजोरा. पदांच्या टिकण्याबद्दल एवढंच की पोलिओ हटला तसा पोलिओचा जागतिक पैसाही आटत गेला, आणि ही यंत्रणा हळूहळू सरकारी निधीवर येत गेली. काम राहील, पदं कमी होतील. म्हणून टिपणीबहाद्दर म्हणतात ती पहिली वाट सोडू नका. राजीनामा देऊन मात्र मी तरी जाणार नाही, निदान या वर्षी.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. प्रस्ताव टाकला. डीएचओ साहेब आधी गुरगुरले, मग म्हणाले, 'शेजारच्या पीएचसीच्या डॉक्टरांना चार्ज घ्यायला तयार कर, मी शिफारस देतो.' ते तयार आहेत, बदल्यात मला त्यांच्या गोवराच्या केसेसची यादी नीट करून द्यायची आहे. संस्थेने रुजू व्हायला मुदत वाढवून दिली आहे. मंजुरी आली नाही तर जाणार नाही, एवढं घरात ठरलं. हुकुमाचं म्हणाल तर इथेही माझा खुलासा कोणी वाचत नाही, त्यामुळे ती भीती कमी आहे.

जुनाभिडू, शेवटचं एक. मंजुरी आलीच तर मुलीला पहिल्या वर्षी नेऊ की नको?

जुनाभिडू

पहिले सहा महिने नको. घर जिल्ह्याच्या गावी, सदर अस्पतालच्या (जिल्हा रुग्णालयाच्या) आसपास बघा, वरचा मजला आणि इन्व्हर्टर असलेलं. ड्रायव्हर स्थानिकच मागा, मैथिली बोलणारा. पूर येण्याआधी, मे-जूनमध्ये, तटबंधाच्या आतली सगळी गावं एकदा फिरून घ्या आणि प्रत्येक गावात नाववाल्याचा नंबर लिहून ठेवा. आधीच्या अधिकाऱ्याकडून केस कळवणाऱ्या खबऱ्या डॉक्टरांची यादी मागून घ्या, आणि त्यातले जे वर्षभरात एकही केस कळवत नाहीत त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा.