घरातलं काम, कामातलं घर: तुम्ही कसं जमवलं?

रंकाळाकाठ
काल आवराआवर करताना माळ्यावरनं मिक्सरच्या खोक्याचा एक पुठ्ठा खाली पडला. 2020 च्या लॉकडाऊनमधला. एका बाजूला माझं अक्षर, 'आई मीटिंगमध्ये आहे'. दुसऱ्या बाजूला लेकीनं, तेव्हा पहिलीत होती, खडूनं 'आई मोकळी आहे' लिहून शेजारी सूर्य काढलेला. मीटिंगची बाजू हात लागून लागून काळपट झालीय, सूर्याची तशीच कोरी. शिडीवरच बसून राहिले. घरून काम मिळालं म्हणून सगळे नशीबवान म्हणायचे, आणि होतेच मी, सासऱ्यांची औषधं, पोरीचा ऑनलाइन वर्ग, सगळं डोळ्यासमोर. पण दिवसभर घरात असूनही मी पोरीच्या वाट्याला येत नव्हते. आता साडेसहाला लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावते. तुम्ही कसं जमवलं ते लिहा ना.

कट्टेकरी
2019 चा ऑगस्ट. मी पुण्यात, बायको आणि 5 महिन्यांचं बाळ इथं कोल्हापुरात. शिरोलीपाशी हायवेवर महापुराचं पाणी, घरी लाइट नाही, फोन लागेना. चौथ्या दिवशी लागला तर ती एवढंच म्हणाली, बाळ पालथं पडायला लागलंय. पाणी उतरल्यावर मॅनेजरला सरळ सांगितलं, कोल्हापुरातनं काम करू द्या नाहीतर राजीनामा घ्या. आठवड्यातले 2 दिवस मिळाले, मग लॉकडाऊनच आला. आता संध्याकाळी वडलांना घेऊन गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जातो. त्यांच्या ग्लासातलं अर्धं अजून मला देतात.

कच्ची_कैरी
रंकाळा ताई सूर्य वाचून डोळ्यात पाणी आलं. नंतर लिहितो, कुकर लावलाय

फौंड्रीवाला
आमच्यात घरनं काम कुठलं. मेल्टिंगला हाय, भट्टी पेटली की हीट, म्हंजे वितळलेल्या धातूचा घाणा, निघेपर्यंत जागा सोडता येत न्हाई. सुट्टी सोमवारी, पोरांची रविवारी, आठवड्यात एक दिवस पण सगळी मिळून जेवत न्हवतो. मग कामावरच्या जोडीदारासंगं ठरवलं, त्याची आई अंथरुणाला, त्याला सकाळ मोकळी पायजे, मला संध्याकाळ. सुपरवायझर भला माणूस, शिफ्ट बदलून दिली. 3 वर्षं झाली, कामात खोट न्हाई. वेळेची सवलत लॅपटॉपवाल्यांनाच लागती असं न्हाई, एवढं मालक लोकांनी ध्यानात घ्यावं.

शनिवारवाली
मी सरकारी हापिसात. 29 फेब्रुवारी 2020 पासनं 5 दिवसांचा आठवडा झाला, शनिवार मोकळा, पण रोज 9.45 ते 6.15. आणि पाळणाघर 6 ला बंद. तेवढा अर्धा तास शेजारच्या काकू पोराला घेऊन बसतात, भाकरीचा पापुद्रा काढून तूप लावून भरवतात, पैशाचं नाव काढलं की रागावतात. त्यांच्या जिवावर माझी नोकरी चाललीय. शनिवार मात्र सोन्यासारखा जातो.

पन्हाळकरीण
बाळंतपणाच्या रजेचं कुणीच लिहिलं नाही. कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 2 मुलांपर्यंत 26 आठवडे पगारी रजा मिळायला लागली, 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर आणि दिवसातनं 4 वेळा बाळाकडं जायची मुभा. रजेनंतर घरून कामही मिळू शकतं, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं ठरलं तरच. मी मागितलं तर साहेब 'बघू' म्हणाले आणि ते बघू 4 महिने चाललं. दूध दाटून यायचं, बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायचो, घरी बाळ वरच्या दुधावर. अजून राग जात नाही. पोरींनो तोंडी मागू नका, ईमेल करा, तारीख राहते.

नवीन_आई
पन्हाळकरीण ताई खूप आभार, माझी रजा पुढच्या महिन्यात संपतीय, उद्याच ईमेल करतो 🙏 राजारामपुरीत चांगलं पाळणाघर माहितीय का कुणाला? आणि लाइट गेली की वायफायचं काय करता?

कट्टेकरी
राउटरला छोटा यूपीएस मिळतो, आधी अ‍ॅडाप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय का बघा. तासदोन तास निघतात.

कच्ची_कैरी
आलो. माझं काम अमेरिकेच्या वेळेत, रात्री दीडला सुटतो. पोरगं साडेसहाला उठतंय. सकाळ सगळी ह्यांनी घेतली, डबा, अंघोळ, रिक्षापर्यंत सोडणं. सासूबाईंना आधी पटायचं नाही, तोंड फिरवून बसायच्या. परवा शेजारणीला सांगत होत्या, माझ्या लेकाची चपाती फुगती बघा. मी आत पडल्या पडल्या ऐकलं, इतकं बरं वाटलं.

शनिवारवाली
नवीन_आई, पाळणाघर ठरवताना संध्याकाळी किती वाजेपर्यंत हे पहिलं विचार बाई.

रंकाळाकाठ
सगळ्यांचं वाचतेय, एकेक दोनदा. फौंड्रीवाले दादा, तुमच्या जोडीदाराच्या आई कशा आहेत आता?

फौंड्रीवाला
हिंडत्या-फिरत्या झाल्यात ताई. काठी घेऊन दारापर्यंत येत्यात. दिवाळीला माझ्या पोरांसाठी चकल्या पाठवल्यावत्या.