प्रतिसाद: तीस लिटरची सूट आहे, पण भांडं कुठलं?

वर एकांनी लिहिलंय की घरात थेंबभरही पेट्रोल ठेवणं बेकायदा. तसं नाही. पेट्रोलियम कायदा, 1934 च्या कलम 8 नुसार विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही. खरी मेख भांड्यात आहे. घट्ट बुचाचं भांडं हवं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर 1 लिटरपर्यंत आणि धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली यात कुठेच बसत नाही!

आमच्या सोसायटीत जनरेटरसाठीचा कॅन जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी असायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. ठिणगी पडायला कितीसा वेळ? सेक्रेटरींना तीनदा सांगितलं, मग दिवाळीच्या आदल्या दिवशी मीच तो उचलून बाहेरच्या शेडमध्ये ठेवला.

फटाक्यांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीला रात्री 8 ते 10 हीच वेळ दिली आणि लडींवर बंदी घातली. आमच्याकडे माळ लागते ती साडेअकराला. आणि हो, पालापाचोळा जाळणाऱ्या काकांनाही सांगा, उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांत मनाई होती.