फौजदारावर दिवाणी : 'खटला' की 'दावा'?

प्रश्न : मंडळी, अमेरिकेत २०२०मध्ये पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या प्रकरणावर लिहिताना अडलोय. घरच्यांनी पोलिसांवर 'खटला भरला' की 'दावा लावला'? शिवाय 'क्वालिफाइड इम्युनिटी'ला भाषांतरयंत्राने 'पात्र प्रतिकारशक्ती' दिलंय. लस टोचलेला हवालदारच डोळ्यांपुढे आला.

— दोन्ही लिहा, पण जागच्या जागी. मिनेसोटा राज्याने डेरेक शॉविन या पोलिसावर खुनाचा भरला तो फौजदारी खटला. एप्रिल २०२१मध्ये तो दोषी ठरला. घरच्यांनी जुलै २०२०मध्ये शहरावर आणि चार पोलिसांवर लावला तो दिवाणी दावा. मिनीआपोलिस शहराने तो मार्च २०२१मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर देऊन मिटवला. तेव्हा खटल्यासाठी ज्यूरी निवडणं चालू होतं. बातम्यांत दोन्हीकडे 'खटला'च छापतात, मग वाचकाला वाटतं पैसे देऊन खूनच मिटवला.

— 'फौजदारी' आली फौजदारावरून, आणि आपल्याकडे सबइन्स्पेक्टरला अजूनही फौजदारच म्हणतात. म्हणजे हे झालं फौजदारावर दिवाणी!

— म्हणून 'सिव्हिल राइट्स'ला 'दिवाणी हक्क' मात्र लिहू नका, हक्क नागरी आणि दावा दिवाणी. अशा दाव्याचा आधार १८७१चा, कु क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या टोळीला आवरायला केलेला कायदा. आज तो 'कलम १९८३' म्हणून ओळखतात (साल नव्हे!). पोलिसांविरुद्ध त्याला खरी धार आली ती १९६१च्या मन्रो विरुद्ध पेप या शिकागोच्या प्रकरणाने.

— इम्युनिटीला 'अभय'?

— अभय राजा देतो, तेही पुरतं. हे न्यायालयांनी घडवलेलं, अटीचं. तसं वागणं बेकायदा आहे हे आधीच्या निकालांतून स्पष्ट झालेलं नसेल, तर अधिकारी भरपाईतून सुटतो. 'सशर्त संरक्षण' कोरडं आहे, पण चालेल. शहराला ही ढाल नाही. मात्र १९७८च्या मोनेल निकालाप्रमाणे शहराचं धोरण किंवा तिथला शिरस्ताच मुळाशी होता, हे दाखवावं लागतं. 'कस्टम'ला इथे 'रूढी' नको, 'शिरस्ता' चपखल बसतो.

— आणि 'एक्सेसिव्ह फोर्स'? मी 'बळाचा अतिवापर' लिहितो.

— 'अवाजवी बळ' बघा. १९८९च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालाने कसोटी लावली ती वाजवीपणाचीच : त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून. 'अति' म्हटलं की नुसतं माप कळतं. आपल्या 'सौम्य लाठीमारा'त तर तेही कळत नाही.

प्रश्नकर्ता : 'अवाजवी बळ' आणि 'शिरस्ता' घेतले. 'सेटलमेंट'ला 'समझोता' लिहिलं होतं, ते खोडून 'दावा मिटवला' करतो.