माथेरानला बिऱ्हाड हलवायचंय, दस्तुरीच्या पुढे सामान कसं न्यायचं?

सह्यपाखरू:
वर्षभरासाठी माथेरानला भाड्याने घर घेतलंय, बाजारपेठेच्या थोडं पुढे. सोबत आई (वय ७४, गुडघ्यांचं दुखणं). सामानात फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, लोखंडी कपाट, गाद्या आणि स्वयंपाकघरातलं किडूकमिडूक. टेम्पो दस्तुरी नाक्यावरच थांबतो हे माहीत आहे. पुढच्या अडीच-तीन किलोमीटरचं काय? मे अखेरीस हलवलं तर चालेल ना?

जांभामाती:
मे अखेर अजिबात नको. सुट्टीच्या गर्दीत दस्तुरीला टेम्पो उभा करायला जागा मिळत नाही, घोडेवाले आणि हमाल पर्यटकांत गुंतलेले, वर वळवाच्या सरीची टांगती तलवार. एप्रिलमधला मंगळवार-बुधवार धरा आणि टेम्पो सकाळी लवकर पोचवा.

खोकी घरीच मापात भरा. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा (१४.२ किलो गॅस, बाकी टाकी). एकेका खोक्याचं वजन तेवढ्याच्या आत ठेवा आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावा. घोड्याच्या पाठीवर एक बाजू जड झाली की चढावर ओझं घसरतं. पुस्तकांचं मोठं खोकं भरलंत तर ते दस्तुरीला फोडून पुन्हा भरावं लागेल. मजुरी टेम्पोतून सामान उतरवायच्या आधी ठरवा, जमिनीवर ठेवल्यावर नाही.

फ्रिज हातगाडीवर उभाच न्या. आडवा झालाच तर घरी उभा करून निदान रात्रभर तसाच ठेवा, मग चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत उतरायला वेळ लागतो. वॉशिंग मशीनच्या पाठीमागे लावायचे ट्रान्झिट बोल्ट शोधा. मशीन बसवताना ते काढून दिलेले असतात आणि बहुतेक घरांत हरवतात. ते नसले तर ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत राहतो, आणि जांभ्याच्या उघड्या दगडांवरून गाडी गेली की धक्क्यांनी डँपर तुटतात. सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगितला की बोल्ट मिळतात.

कपाट नटबोल्टचं असेल तर खोलून पत्रे वेगळे बांधा. वेल्डिंगचं असेल तर खालीच कुणाला तरी देऊन टाका.

अमनलॉज_शटल:
वरचं सगळं बरोबर, पण आईंचं राहिलं. अमन लॉज स्टेशन दस्तुरीच्या अगदी जवळ आहे, तिथून माथेरान स्टेशनपर्यंत शटल मिळते. पावसाळ्यात बंद होते ती नेरळहून येणारी गाडी, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. शटल पावसातही चालते, मात्र फार झोडपलं की ऐनवेळी रद्द होते. रूळ २ फुटी, त्यामुळे डबे अरुंद. गुडघे दुखणाऱ्याला कडेची जागा द्या.

ई-रिक्षा आहेत, पण मोजक्याच. २०२४ मध्ये न्यायालयाने संख्येवर मर्यादा घातली होती. घरसामान त्यातून नेण्याची आशा धरू नका. माणसं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, म्हणून जुने सल्ले वाचून त्यांवर विसंबू नका. अडीअडचणीला रुग्णवाहिका आत येते. तरी महिनाभराची औषधं घरात हवीतच, कारण मोठ्या तपासण्यांना घाट उतरावाच लागतो.

पागोळी:
सामानापेक्षा मला पावसाची काळजी वाटते. घरमालकाशी मे महिन्याआधी छपराचं बोलून घ्या. पत्रा सहसा मधे गळत नाही, गळतो तो हुकाच्या भोकाशी, वॉशर उन्हाने कडक होऊन तडकला की. वॉशर बदलणं हे तासा-दोन तासांचं काम. जुलैत शेवाळलेल्या पत्र्यावर कोणी चढणार नाही. नवा आडोसा किंवा शेड मात्र परस्पर उभारू नका. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आधी नगर परिषदेत विचारा.

कपड्यांच्या कपाटात चुन्याची कळी पसरट डब्यात ठेवा, डबा अर्धाच भरा. ओल शोषून ती फुगते आणि तिची भुकटी होते, मग बदलायची. पाण्याचा थेंब पडू देऊ नका, डबा भाजेल इतका तापतो. चामड्याच्या चपला-पट्टे आणूच नका, आठवड्यात बुरशी धरते.

सह्यपाखरू:
धन्यवाद मंडळी. कपाट खाली देऊन टाकतो. माकडांसाठी खिडकीला जाळी पुरेल का?

पागोळी:
प्लास्टिकची मच्छरदाणी जाळी ते फाडतात. वेल्डमेश (वेल्डिंगची तारेची जाळी) लावा, अर्धा इंची. आणि टाकीच्या झाकणाला तार बांधा. झाकण उचलून आत उतरतात.