गुण्या, सुतळी आणि काटकोन

कागद कापून पायथागोरसचा सिद्धांत पटवून देता येतो, हे एका शिक्षिकेचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र सातवीच्या मुलांना मैदानावर नेले, तर त्याच सिद्धांताचा व्यत्यासही, म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी असेल तर त्रिकोण काटकोनी असतो हे उलट विधानही, हाती लागतो. पायाची आखणी करताना गवंडी एका भिंतीच्या दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खूण करतो आणि दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहतो, कारण एवढ्या मोठ्या आखणीला हातातला लहानसा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, पुरत नाही. इथे काटकोन गृहीत धरलेला नसून तो बाजूंच्या लांबीवरून सिद्ध होतो, आणि मुलांचा गोंधळ नेमका याच फरकापाशी होतो.

माझा पहिला प्रयोग फसला होता. ३, ४ व ५ मिळून होणारे बारा सारखे भाग दाखवण्यासाठी सुतळीला गाठी मारल्या, प्रत्येक गाठीत थोडी सुतळी खर्ची पडली, शिवाय ती ताणलीही जात होती. आता मी न ताणणारी दोरी घेऊन शाईने खुणा करतो. माप मोठे ठेवावे, हेही आवर्जून सांगतो: ३०, ४० व ५० सेंटिमीटरच्या त्रिकोणात कर्ण एक सेंटिमीटरने चुकला, तर कोन सुमारे अडीच अंशांनी बिघडतो, ३, ४ व ५ मीटर घेतल्यास तीच चूक पाव अंशावर येते. हा फरक मुलांनाच मोजू द्यावा. शुल्बसूत्रांतील, म्हणजे यज्ञवेदींच्या आखणीचे नियम देणाऱ्या प्राचीन भारतीय ग्रंथांच्या नावातील, ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच, हे त्यानंतर सांगितले की मुले कान टवकारतात.